पिन्न्यांखालचा परदेशी खजिना

“डब्बा किसका है? ओ, पिन्नीवाला डब्बा किसका है?”

सामान तपासणारा जवान सहा फूट उंच होता आणि त्याचा आवाज त्याच्याहून दोन फूट उंच. त्या आवाजानं विमानतळाच्या काचा थरथरल्या, बाहेरचं धुकं जरा विरळ झालं आणि रांगेतले सगळे प्रवासी, ज्यांच्याकडं डबा नव्हता तेसुद्धा, अपराधी चेहऱ्यानं मागं सरले. मी सरलो नाही. माझा एक पाय बुटात होता आणि दुसरा बूट अजून त्या यंत्राच्या पोटात होता.

डबा माझा होता. म्हणजे माझ्या पिशवीत होता. या दोन वाक्यांत किती अंतर असतं ते मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगलं समजलं.

“पिन्नी के नीचे क्या है?” जवानानं विचारलं.

“और पिन्नी,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. पिन्नी म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवाचा पंजाबात वाढलेला पैलवान भाऊ. कणीक, गूळ आणि तूप. त्यातही तूप इतकं की एक पिन्नी खाल्ली तर माणसाच्या कोपराचं वंगण आठवडाभर टिकावं. यंत्राच्या पडद्यावर लाडवांचे गोल दिसत होते, आणि त्या गोलांखाली आणखी एक रांग होती, काळी, चपटी, बिल्ल्यांसारखी. लाडू काळे दिसत नाहीत, हे मलाही कळत होतं.

जवानानं हातमोजे घातले आणि एकेक पिन्नी काढून ताटात ठेवली. मग बटर पेपर. त्याखालून निघाले जाडजूड, मेणचट कागद. चारी बाजूंनी वेलबुट्टीची किनार, मध्ये मिशाळ परदेशी गृहस्थ, खाली लाल फितीला लटकणारी पत्र्याची मोहर. कोण्या परदेशी सरकारचे कर्जरोखे. प्रत्येकावर रक्कम डॉलरमध्ये, आणि तिच्यातली शून्यं इतकी की शेवटची दोन किनारीवर चढली होती. त्यातला एक कागद वटवला असता तर मिरज, सांगली, कुपवाड विकत घेऊन वरच्या सुट्ट्या पैशांत कोल्हापूर भाड्यानं घेता आलं असतं.

“ये आपको किसने दिया?”

उत्तर मला माहीत होतं. दाजींनी दिलं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं, सकाळी, स्वतःच्या हातानं. आणि जगात हेच एक उत्तर असं होतं की जे मला देता येत नव्हतं.

का, ते सांगायचं तर आठवडाभर मागं जायला पाहिजे.

सेक्टर नावाचं गाव

माझी धाकटी बहीण कुंदा. तिचे यजमान, आमचे दाजी, केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीत अधिकारी. सगळी नोकरी बदल्यांत गेली. नागपूर, गुवाहाटी, भोपाळ आणि आता शेवटची बदली चंदीगड. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होतात आणि मग मिरजेला, माझ्या छापखान्याशेजारच्या प्लॉटवर, कुंदाचं घर उभं राहायचं आहे.

हे घर म्हणजे काय हे समजायला तिच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात जावं लागतं. कुंदाची उंची आमच्या आईवर गेली आहे, म्हणजे आंब्याच्या पेटीएवढी. आणि सरकारी ओटे कोण बांधतं देवाला ठाऊक, पण ते बांधताना त्याच्या डोळ्यांसमोर जवानांची पलटण असते. चंदीगडचा ओटा तिच्या छातीला लागतो. ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. गावोगाव, बदलीच्या सामानात तो पाट सगळ्यात शेवटी चढतो आणि सगळ्यात आधी उतरतो. “अप्पा,” ती मला फोनवर म्हणायची, “मला बंगला नको. मला माझ्या उंचीचा ओटा पाहिजे.”

तर मी जानेवारीत तिथं पोचलो. चंदीगड हे शहर कुणीतरी पट्टी घेऊन काढलं आहे आणि मग पट्टी उचलायला विसरला आहे. सरळ रस्ता, चौक, सरळ रस्ता, चौक. मिरजेत पत्ता विचारला की चार माणसं जमतात, तिघं भांडतात, चौथा घरापर्यंत सोडायला येतो आणि चहा पिऊन जातो. इथं म्हणतात, “सेक्टर कौनसा?” सेक्टर सांगितला की नंबर विचारतात. नंबर सांगितला की बोट दाखवतात. संपलं. माणसाशी माणसाचं नातं दोन आकड्यांत आटपतं. पहिल्याच सकाळी मी दूध आणायला गेलो आणि परत येताना सारखीच झाडं, सारखंच फाटक, सारखाच पिवळा दिवा बघून शेजारच्या सेक्टरातल्या त्याच नंबरच्या घरात शिरलो. तिथल्या बीजींनी, म्हणजे घरातल्या आजींनी, मला बसवलं, मुळ्याचे दोन पराठे वाढले, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि तिसरा वाढताना विचारलं, “वैसे, आप हैं कौन?” हे शंभर टक्के खरं आहे. पराठे चार होते, पण कुंदाला मी दोनच सांगितले आहेत.

मग लस्सी. पेला नव्हे, आमच्या विहिरीचा पोहरा. त्यावर सायीची चादर, इतकी घट्ट की माशी बसली तर चालत पलीकडं जावी. ती मी दोनदा घेतली आणि त्याच दुपारी भाची सई मला सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेली. सई मोहालीत कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. तरुण डॉक्टरनं विचारलं काय खाल्लं. मी यादी सांगायला लागलो. शेजारच्या खाटेवरचा पेशंट ऐकता ऐकता उठून बसला. “मामा, बस करो,” सई म्हणाली, “इनको भूख लग रही है.”

लोहडीच्या, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या रात्री कॉलनीत होळी पेटली. आपल्याकडं होळीपुढं बोंब मारतात, हे लोक नाचतात आणि आगीत शेंगदाणे, रेवड्या, मक्याच्या लाह्या टाकतात. चांगलं आहे. आम्ही वर्षाची सगळी भडास एका बोंबेत काढतो. यांना भडासच नाही. दाजी मात्र शाल पांघरून एका बाजूला उभे होते आणि शेंगदाण्यांचा खर्च कॉलनीच्या कुठल्या खात्यातून झाला, ते कुणालातरी विचारत होते.

तिळगूळ आणि इनामदार

दाजी असे. उभ्या आयुष्यात पावतीशिवाय हमालाची मजुरी मंजूर केली नाही. एकदा कुणा इंजिनिअरचं प्रवासाचं बिल त्यांनी आगगाडीनं जायच्या जागी तो बसनं गेला म्हणून अडवलं. तो बिचारा निवृत्त झाला, त्याचा मुलगा इंजिनिअर झाला, बिल अजून दाजींच्या टेबलावर आहे, असं कुंदा म्हणते. मी यात काही वाढवलेलं नाही. असला माणूस. आणि या असल्या माणसाला इनामदारांनी कसं खाल्लं ते बघा.

चंदीगडला आपल्या लोकांचं एक मंडळ आहे. बदलीवाले सरकारी, बँकवाले, फौजी अधिकारी, त्यांची कुटुंबं. कुणी नागपूरचं मराठी बोलतं, कुणी बेळगावचं, आणि सगळ्यांच्या मराठीत ‘पक्का’ आणि ‘यार’ पक्के बसलेत. या मंडळाचा खरा धर्म गणपती नाही, हळदीकुंकू नाही. खरा धर्म पुडा. गावाकडून कुणी येणार म्हटलं की सगळ्यांचे फोन: येताच आहात तर एवढं आणा. मेतकूट, कांदालसूण मसाला, कुरडया, कुणाच्या सासूचं लोणचं. मी मिरजेहून निघालो तेव्हा माझे स्वतःचे कपडे एका पिशवीत आणि लोकांचे पुडे चार पिशव्यांत होते. मला बघून गाढवानं मान खाली घातली असती. परत जाताना तेच उलट: जाताच आहात तर एवढं न्या.

आणि पुड्याचा नियम एकच. उघडायचा नाही, विचारायचं नाही. पुडा उघडून बघणं म्हणजे लग्नात आहेराचं पाकीट नवऱ्या मुलासमोर फोडण्यासारखं. ज्यानं दिला त्याचा अपमान, ज्याला दिला त्याचा अपमान, आणि आपण कोण तर चिल्लर. परमुलखात आपली माणसं एकमेकांना एवढ्यावरच ओळखतात.

संक्रांतीच्या तिळगुळाला इनामदार भेटले. पांढरे केस मागं वळवलेले, अंगात जाकीट, तोंडात खडीसाखरेचं मराठी. मोहालीत ऑफिस, कार्डावर ‘इंटरनॅशनल फायनान्स’, बाकी काही नाही. मी लग्नपत्रिका छापतो. ज्या माणसाच्या कार्डावर जागा जास्त आणि मजकूर कमी, तो एकतर फार मोठा असतो किंवा त्याला काय लिहावं हे अजून ठरवायचं असतं.

“अप्पासाहेब, तिळगूळ घ्या,” ते म्हणाले, “दाजी आपले घरचेच. उद्या मुल्लानपूरला या. स्वप्न दाखवतो.”

“जागेपणी?” मी विचारलं.

ते मनापासून हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी पावती जोडली नव्हती.

मुल्लानपूर

मुल्लानपूर म्हणजे गाव होतं, आता नवं शहर होतंय. एका हाताला गहू, दुसऱ्या हाताला मजले. मधल्या रस्त्यावर म्हैस आणि सिमेंटचा ट्रक एकमेकांना वाट देत नाहीत. मोहरी फुललेली, धुक्यातून पिवळा रंग असा दिसत होता की धुक्यालाच फोडणी दिली आहे. इनामदारांची गाडी आमच्या जत्रेतल्या स्टेजएवढी. तिच्यातून त्यांनी हात बाहेर काढून गहू दाखवला. “इथं आपलं मेडिकल कॉलेज. तिथं गोल्फ. तो कोपरा मराठी भवन.”

तो कोपरा ज्याचा होता तो सरदारजी बांधावर बसून मुळा खात होता. “ये कब बेचा?” मी त्याला ओरडून विचारलं. “मैंने तो बेचा ही नहीं जी,” तो म्हणाला आणि मलाही मुळा देऊ लागला.

“लोकल लोकांना सांगत नाही आपण,” इनामदार हळूच म्हणाले आणि काच वर केली.

मग गाडीत ती लाकडी पेटी निघाली. आत मखमल, आत कागद. गोष्ट अशी: फार पूर्वी एका परदेशी सरकारनं युद्धाच्या काळात पूर्वेकडच्या राजांकडून सोनं घेतलं आणि बदल्यात हे रोखे दिले. एकेक रोखा अब्जावधीचा. रोखे नेणारं विमान पडलं, पेट्या जंगलात राहिल्या, आदिवासींना सापडल्या, तिथून एका साधूकडं, साधूकडून इनामदारांकडं. परदेशी सरकार हे कबूल करत नाही, कारण केलं तर त्याचं दिवाळं निघेल. “म्हणून गुपचूप सेटलमेंट,” इनामदार म्हणाले. “फक्त रिलीज फी भरायची. दाजींची रिटायरमेंटची रक्कम आली की दाजी आपले पार्टनर.”

कुंदाचा ओटा या मखमलीत जाणार होता.

मी हात पुढं केला. “नका, नका,” इनामदारांनी पेटी मागं घेतली, “हाताच्या तेलानं व्हॅल्यू उतरते.” म्हणून मी नाक पुढं केलं. चाळीस वर्षं छापखान्यात घालवलेल्या माणसाचं नाक हे नाक नसतं, खबऱ्या असतो. कागदावर तारीख माझ्या आजोबांच्या मुंजीच्या काळातली आणि शाईचा वास परवाचा. पत्रिकेचं गुळगुळीत आर्टकार्ड, त्यावर मेणाचा हात, वर जुनं दिसायला चहाच्या पाण्याचा रंग. ती किनार तर आमच्याकडं मुंजीच्या पत्रिकेला चालते.

“दाजी,” मी म्हणालो, “याच्यापेक्षा भारी कागदावर मी गावजत्रेच्या कुस्त्यांची सर्टिफिकेटं छापली आहेत. आणि त्यांना निदान कुस्ती खरी होती.”

“तुम्हाला लग्नपत्रिकेपलीकडं काय कळतं?” दाजी लाल झाले. “याच्यासोबत सत्यतेचं प्रमाणपत्र आहे. मी स्वतः तपासलं.”

“कुणी दिलेलं?”

“बाँडबरोबरच येतं ते.”

हमालाची पावती मागणाऱ्या माणसानं हे म्हटलं. चोरानं स्वतःच आणलेली चारित्र्याची चिठ्ठी यांनी तपासून, सही करून, फायलीला लावली होती. खरं सांगतो, मला इनामदारांचा राग आला नाही. कोल्ह्यानं कोंबडी खाल्ली तर राग कसला? मला राग आला कोंबडीचा, जिनं कोल्ह्याचा अर्ज नियमानुसार आहे म्हणून दार उघडलं.

रात्री मी कुंदाला सगळं सांगितलं. ती पाटावर उभी राहून भाकरी थापत होती. “तू नेहमीसारखं वाढवून सांगतोयस ना?” तिनं विचारलं. आयुष्यभर थापा मारण्याचा हा तोटा. मी म्हणालो, उलट कमी करून सांगतोय. त्यानंतरची भाकरी तव्यावर करपली.

मग दोन दिवस दाजींनी इनामदारांचं नाव काढलं नाही. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. मी इतका खूश झालो की निघायच्या सकाळी दाजींनी पिन्न्यांचा डबा माझ्या हातात ठेवला तेव्हा नीट बघितलंसुद्धा नाही.

“इनामदारांच्या पुण्याच्या मावशीसाठी,” ते म्हणाले. “विमानतळावर त्यांचा माणूस येईल. जाताच आहात तर.”

डबा जड होता. मी विचारलं नाही, उघडला नाही. पुड्याचा नियम मला मिरजेत शिकवला होता आणि चंदीगडात पक्का झाला होता. शाई ओळखणारं माझं नाक तुपाच्या वासानं गार पडलं. आणि दाजींना हे सगळं माहीत होतं. फी भरायला अजून पैसे आलेले नव्हते, म्हणून पार्टनर आपला हिस्सा हमालीत भरत होता. हमाल मी.

पुन्हा विमानतळ

तर त्या प्रश्नापाशी आपण थांबलो होतो. मला आतल्या खोलीत नेलं. टेबलापलीकडं पोलिसांच्या हरप्रीत मॅडम, खाकीवर हातानं विणलेला स्वेटर, समोर चहा. त्यांनी एक पिन्नी हातात घेऊन निरखली, वास घेतला. “पिन्नी तो असली है,” त्या म्हणाल्या. “बाकी बताइए.”

दाजींचं नाव घेतलं तर पोलीस केस. केस झाली की निवृत्तीचं सगळं अडकलं. ते अडकलं की घर गेलं. समोर मॅडम होत्या, पण मला दिसत होता पाट. म्हणून मी ते केलं जे मला येतं.

“मैडम, ये शादी का कार्ड है. सैंपल.”

आणि सुटलो. मी माझं कार्ड पुढं ठेवलं. आमच्याकडच्या हौशी लोकांचं वर्णन केलं: नोटेसारखी पत्रिका, पासपोर्टसारखी पत्रिका, एका पैलवानाच्या लग्नात तर पाच किलो वजनाच्या लोखंडी तव्यावर कोरलेली पत्रिका, ती वाटता वाटता त्याचे दोन काका कामी आले. आता मोठ्या घरांत बाँडची पत्रिका चालते. मुलगा एक सरकार, मुलगी दुसरं सरकार, खाली मोहर म्हणजे व्याह्यांची संमती. ही शून्यं म्हणजे आशीर्वाद. मॅडम मान डोलावत ऐकत होत्या. असा श्रोता मला मिरजेत मिळाला नव्हता.

“तो ये आपने छापे?”

“जी.”

“अपनी मशीन पे?”

“मेरी ही.”

“मुहर भी आपकी?”

“सब मेरा, मैडम.”

त्यांनी लिहिलेलं शांतपणे माझ्याकडं वळवलं. “तो साइन कीजिए. विदेशी सरकार के बाँड अपनी मशीन पे छापे, मिठाई में छुपाए, और ले जा रहे थे.”

पेन माझ्या हातात आलं. माझं विमान तेवढ्यात डोक्यावरून गेलं. मी आवाजावरून ओळखलं. थाप मारताना माणसाला थांबायचं कुठं ते कळलं पाहिजे. मला कधीच कळलं नाही, पण त्यापायी पूर्वी तुरुंग लागला नव्हता.

“एक फोन करूँ?” मी विचारलं. मी कुंदाला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणालो की डबा उघडला.

दोघं आली. कुंदाच्या अंगावर घरातलाच स्वेटर होता, बोटांना कणीक वाळलेली. मागून दाजी. मी त्यांना डोळ्यांनी, भुवयांनी, कानांनी खुणा केल्या: बोलू नका, सगळं माझ्यावर घेतलंय. दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी टेबलाकडं बघितलं. कागदांवर मॅडमचा कप होता आणि एका रोख्याचा कोपरा दुमडला होता.

“मैडम,” दाजी कळवळून म्हणाले, “फोल्ड मत कीजिए. व्हॅल्यू चली जाती है.”

मॅडमनी कप उचलला. मग माझ्यासमोरचा कागद उचलला, फाडला, टोपलीत टाकला. “तो ये आपके हैं,” त्या दाजींना म्हणाल्या. “बैठिए.”

उभ्या आयुष्यात मी इतकी मोठी थाप मारली नव्हती आणि कुठलीच इतक्या स्वस्तात फुटली नव्हती.

मॅडमनी मग जे सांगितलं ते साधं होतं. हे कागद खरे असतील, तर देशाबाहेरचे रोखे लाडवांखाली लपवून नेणं ही तस्करी. खोटे असतील आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर बनावटगिरी. खोटे असतील आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुम्ही फसवले गेलात. इनामदारांविरुद्ध तक्रार लिहा, साक्षीदार व्हा, घरी जा. “पर लिखना पड़ेगा,” त्या म्हणाल्या, “कि आपने इसको असली समझा था.”

म्हणजे निवड होती. एकतर गुन्हेगार, नाहीतर मूर्ख. कुणीही शहाणा माणूस झटकन मूर्ख झाला असता. मी तर दोन प्रतींत झालो असतो. दाजी विचार करू लागले. त्यांनी एक रोखा उचलून ट्यूबलाइटपुढं धरला. उलटा केला. मोहर हलवून बघितली. बाहेर दोन विमानं उतरली.

“शंभर टक्के खोटेच आहेत असं आपण आत्ताच कसं म्हणायचं?” ते शेवटी म्हणाले. “रीतसर तपासणी झाल्याशिवाय.”

मी तोंड उघडलं, पण कुंदानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती नवऱ्याकडं बघत होती. आवाज चढला नव्हता.

“अहो,” ती म्हणाली, “ओट्याची उंची मी गवंड्याला सांगून ठेवली आहे.”

दाजींनी रोखा खाली ठेवला. पेनाचं टोपण काढलं. मग लिहायला लागले. सुंदर अक्षर, सरळ ओळी, समास सोडलेला. पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिलं की सदर कागदपत्रं प्रथमदर्शनी अस्सल असल्याचं दिसून आलं. मॅडमनी वाकून वाचलं.

“ये सब नहीं. सीधा लिखिए. मैंने मान लिया.”

दाजींनी खोडलं आणि लिहिलं. हिशेब तपासणीतल्या माणसाच्या हातून अख्ख्या नोकरीत झालेली ही पहिली खाडाखोड असावी. सही केली, आणि सही करताच मान वर करून विचारलं, “इसकी एक कॉपी मिलेगी?”

त्याच संध्याकाळी इनामदारांच्या मोहालीच्या ऑफिसात पोलीस गेले तेव्हा तिथं पाटी होती, खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीला जाकीट होतं. आत इनामदार नव्हते. मंडळात त्याच रात्री सगळ्यांनाच पहिल्यापासून संशय होता असं निघालं. एक कर्नलसाहेब म्हणाले, मी तर चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं. त्यांच्या पत्नीनं ताबडतोब ताटातला लाडू त्यांच्या तोंडात घातला. तेव्हा मला समजलं की मराठी भवनाच्या कोपऱ्यात आणखीही काही जणांचे ओटे अडकले होते.

पण हे नंतरचं. त्याआधी आम्ही तिघं विमानतळावरून परतीच्या टॅक्सीत बसलो. चौक आला, सरळ रस्ता आला, चौक आला. या शहराचा पहिल्यांदाच उपयोग वाटला. न बोलता घर सापडत होतं. एका चौकात गाडी लाल दिव्याला थांबली तेव्हा दाजी खिडकीकडं बघत म्हणाले, “पण समजा, त्यातला एखादा खरा निघाला असता तर?”

दिवा हिरवा झाला. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते दोघं पुढं बघत होते.

निघताना

दुसऱ्या दिवशीचं तिकीट सईनं काढलं. कुंदा पहाटेच उठली होती. पाटावर उभी राहून तिनं माझ्या बायकोसाठी पिन्न्या वळल्या, पंजाबी शेजारणीकडून शिकलेल्या, पण त्यात आपला डिंक घातलेला. डबा भरला, झाकण लावलं, वर आमच्या आईसारखी दोरीची गाठ मारली. दाजी हातात वर्तमानपत्र धरून दारात उभे होते. ते वाचत नव्हते, कारण ते कालचं होतं.

डबा माझ्या हातात आला. जड होता. कालचा ताण माझ्या अंगातून अजून गेला नव्हता, आणि अशा वेळी मला गप्प बसता येत नाही.

“काय गं,” मी हसत म्हणालो, “आता हा पण उघडून बघायचा की काय?”

कुंदानं माझ्याकडं बघितलं नाही. ती दाराकडं बघत होती.

“बघूनच ने,” ती म्हणाली.